नेम आणि शाळा
(केंद्र शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



ऑक्टोबरची पंधरा तारीख प्राथमिक शाळेच्या दिनदर्शिकेत दुहेरी महत्त्वाची आहे. २००८ सालापासून हा दिवस जगभर हात धुण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. आणि २०१५ सालापासून महाराष्ट्रात, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनानिमित्त, तोच दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणूनही साजरा होतो. सकाळी मुले रांगेने उभी राहून साबणाने हात धुतात, त्याची छायाचित्रे निघतात. दुपारी वर्गावर्गांतून पुस्तके उघडली जातात, त्यांचीही छायाचित्रे निघतात. अहवाल वेळेवर रवाना होतो. यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो सोळा तारखेचा. सोळा तारखेला पोषण आहाराची घंटा झाल्यावर किती मुले नळाकडे वळतात आणि किती थेट ताटाकडे धावतात? पुस्तकांच्या पेटीला त्या दिवशी पुन्हा कुलूप लागते काय?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक शाळांत सारखेच येईल. त्यात मुलांचा दोष नाही, आणि पुष्कळदा शिक्षकाचाही नाही. दिवस साजरा करण्यास उत्साह पुरतो. सवय लावण्याचे शास्त्र मात्र निराळे आहे, आणि ते या देशातील निरनिराळ्या पंथांनी शतकानुशतके स्वतःच्या अनुभवातून घडवलेले आहे. प्राचीनांचे सर्वच शहाणपण डोळे मिटून स्वीकारावे असा आग्रह येथे मुळीच नाही. त्यातील काय टाकावे याचाही विचार पुढे यावयाचा आहे. परंतु माणूस एखादी चांगली गोष्ट, कोणी पाहत नसताही, वर्षानुवर्षे कशी करीत राहतो, या एका प्रश्नावर त्यांनी केलेला विचार प्राथमिक शिक्षकाच्या फार उपयोगाचा आहे.

मराठी भाषेनेच याबाबतीत एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. नखे कुरतडण्याची 'खोड' असते, चहाची 'सवय' लागते. पण एकादशीचा 'नेम' असतो. खोड जडते, सवय लागते. दोन्ही ठिकाणी कर्ता माणूस नाही. नेम मात्र माणसाला धरावा लागतो आणि पाळावा लागतो. गंमत अशी की गोफणीचा दगड फेकतानाही नेमच धरावयाचा असतो. मुलांच्या अंगी जे बाणवावयाचे त्याचा आरंभ नेमाने होतो, आणि पुरेसा काळ लोटला म्हणजे त्याच नेमाची सवय होते. घोटाळा होतो तो या 'पुरेशा काळा'च्या हिशेबात.

प्रशिक्षणवर्गांतून आणि भिंतीवरील फलकांतून एक वाक्य वारंवार भेटते : कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते. या आकड्याचे मूळ शोधू गेल्यास मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकापर्यंत जावे लागते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय होण्यास किमान एकवीस दिवस तरी लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे वाटेत 'किमान' हा शब्द गळून पडला, रुग्णही मागे राहिला, आणि उरला तो नुसता आकडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक विश्वसनीय आहे. त्यात ९६ जणांनी भाग घेतला. प्रत्येकाने खाणे, पिणे किंवा व्यायाम यांसंबंधीची एक कृती निवडली आणि ती रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडून बारा आठवडे करावयाची असे ठरले. ती कृती मुद्दाम आठवावी न लागता आपोआप होऊ लागण्यास सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागतात असे आढळले. परंतु कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला, गणिताने काढलेल्या अंदाजानुसार, २५४ दिवस लागले असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० कामाचे दिवस ठरवलेले आहेत. म्हणजे शाळेत दिवसातून एकदाच होणारी एखादी कृती काही मुलांच्या अंगवळणी पडण्यास अख्खे वर्षही अपुरे पडेल. एकवीस दिवसांनी 'सवय लागली' असा शेरा मारून उपक्रम बंद करणारी शाळा अर्ध्या भाजलेल्या मडक्यात पाणी भरू पाहते.

पतंजलींच्या योगसूत्रांत 'अभ्यास' या शब्दाची जी फोड केली आहे ती येथे आठवते. शाळेत अभ्यास म्हणजे गृहपाठ असा संकुचित अर्थ रूढ झाला आहे. पतंजलींच्या लेखी मनाला एका ठिकाणी स्थिर करण्याचा यत्न म्हणजे अभ्यास. हा अभ्यास पक्का केव्हा होतो, याच्या तीन अटी त्यांनी सांगितल्या. तो दीर्घ काळ झाला पाहिजे, त्यात खंड पडता कामा नये, आणि तो आदरपूर्वक झाला पाहिजे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे अशी तक्रार अर्जुन करतो. तेथेही उत्तर म्हणून प्रथम अभ्यासाचेच नाव येते. विशेष लक्षात घेण्याजोगे हे की या तीन अटींत उत्साहाचा उल्लेख नाही. उत्साह आला तर उत्तम. पण त्याच्यावर इमारत उभी करावयाची नाही.

याच ग्रंथात साधकाच्या वाटेतील नऊ विघ्नांची यादी आहे. व्याधी, आळस, संशय ही नावे कोणालाही सुचतील. शेवटची दोन मात्र अनुभवी माणसालाच सुचावीत अशी आहेत. एक म्हणजे पायरी न गाठता येणे. आणि दुसरे, पायरी गाठूनही तिच्यावर टिकून न राहता येणे. स्वच्छतेचे पारितोषिक ज्या वर्षी मिळाले त्याच्या पुढल्याच वर्षी ज्या शाळेच्या नळाभोवती चिखल साचतो, तिला या नवव्या विघ्नाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

दीर्घ काळ, अखंड आणि आदराने, हे मान्य केले तरी ते साधावे कसे, हा व्यवहाराचा प्रश्न उरतोच. याचे उत्तर ग्रंथांपेक्षा घराघरांतील रूढींत अधिक स्पष्ट सापडते. परवच्याचे उदाहरण घ्यावे. दिवेलागणीला देवापुढे निरांजन लागले की घरातील मुले हातपाय धुऊन ओळीने बसत. आधी 'शुभंकरोति', मग पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी; पुढे वार, तिथी, महिने, नक्षत्रे. पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे बोटे न मोडता म्हणणाऱ्या त्या पिढ्यांना बाजारात हिशेबासाठी कागद लागत नसे. त्यांच्या बुद्धीचे कौतुक पुष्कळ होते. त्या योजनेचे कौतुक क्वचित होते. परवच्याला बसा असे रोज नव्याने सांगावे लागत नसे, कारण सांगण्याचे काम दिवा करीत असे. दिवा लागणे ही खूण, हातपाय धुणे ही तयारी, ओळीत बसणे हे स्थान, आजीचा 'हुं' ही साथ, आणि त्यानंतर वाढले जाणारे पान हे त्याचे फळ. सगळे एकाच दोऱ्यात ओवलेले होते.

पुढे घरोघर वीज आली. बटण दाबताच उजेड पडू लागला आणि दिवा लावण्याचा तो विशिष्ट क्षण पुष्कळ घरांतून नाहीसा झाला. परवचा कोणी ठरवून बंद केला असे नाही. तो ज्या खुंटीला टांगलेला होता ती खुंटीच निघाली. हे दुःख करण्यासाठी सांगावयाचे नाही. कंदिलाच्या काळात परत जावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही, आणि मुलांच्या डोळ्यांच्या दृष्टीने तर विजेचे उपकारच आहेत. परंतु नवी सवय लावू पाहणाऱ्या शिक्षकाने प्रथम विचारावे : ही कोणत्या खुंटीला टांगावयाची? 'रोज वाचन करा' या उपदेशाला खुंटी नाही. 'परिपाठ संपून हजेरी होईपर्यंत प्रत्येकाने हातातील पुस्तकाचे एक पान वाचावे' याला आहे. कारण परिपाठ रोज होतो, हजेरीही रोज होते, आणि त्या दोहोंच्या मधली जागा रोज तेथेच असते.

हीच योजना मुसलमान घरांतील वुजूमध्ये दिसते. नमाजापूर्वी मनगटापर्यंत हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुवावयाचे, डोक्यावरून ओला हात फिरवावयाचा आणि पाय धुवावयाचे, असा क्रम ठरलेला आहे. येथे धुणे ही सुटी कृती नाही. पुढील कृतीचे दार त्यातूनच उघडते. वुजूवाचून नमाजास उभे राहावयाचे नाही. हात धुतल्याशिवाय ताटावर बसता येत नाही अशीच ज्या शाळेची बैठक असेल, म्हणजे नळ हा स्वयंपाकघर आणि जेवणाची ओसरी यांच्या मधल्या वाटेवर असेल आणि रांग नळावरूनच पुढे सरकत असेल, तेथे आरोग्यावरील व्याख्यानाची गरज निम्मी कमी होते. नळ शाळेच्या मागल्या बाजूस, आणि साबण मुख्याध्यापकांच्या कपाटात, अशी व्यवस्था असल्यास मुलांना कितीही सांगितले तरी ती ताटाकडेच धावणार. भूक लागलेल्या सात वर्षांच्या मुलाकडून याहून वेगळी अपेक्षा करणे हाच अन्याय आहे. साबणाची वडी जाळीच्या लहानशा पिशवीत घालून नळालाच बांधावी. ती हरवत नाही, आणि पाण्यात विरघळून वायाही जात नाही. पाण्याची टाकी उन्हाळ्यात कोरडी पडते तेथे बादली आणि तोटी बसवलेला डबा यांची सोय आधीच करून ठेवावी. हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण मोठमोठे संकल्प याच तपशिलांवाचून बुडाले आहेत.

आता दुसरी अट : खंड न पडण्याची. या अटीचा शब्दशः अर्थ घेणारा माणूस लवकर निराश होतो. मूल आजारी पडते, शाळेला सुटी लागते, शिक्षक निवडणुकीच्या कामावर जातात, दिवाळी येते. खंड हा पडणारच. उपर्युक्त अभ्यासात असे आढळले की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या क्रियेस म्हणण्यासारखी बाधा येत नाही. मग पतंजलींचे म्हणणे चुकले काय? तसे दिसत नाही. चुकलेला दिवस घातक नसतो. चुकल्यावर 'आता मोडलेच' म्हणून सोडून देणे घातक असते. म्हणूनच जुन्या परंपरांनी चूक होणार हे गृहीत धरून परत येण्याची वाटही नेमातच बांधून ठेवली.

जैन परंपरेतील प्रतिक्रमण हे याचे सर्वांत रेखीव उदाहरण होय. या शब्दाचा अर्थच मुळी मागे फिरणे, परत येणे असा आहे. दिवसभरातील चुकांसाठी सायंकाळी, रात्रीच्या चुकांसाठी पहाटे. शिवाय पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे अशी प्रतिक्रमणे वेगळी. म्हणजे जो रोज परतू शकला नाही त्याला पंधरवड्याने दार उघडे, पंधरवड्याला चुकला त्याला चातुर्मासाच्या अखेरीस, आणि तेव्हाही चुकला तर संवत्सरीला. बौद्ध भिक्षुसंघातही दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी सर्वांनी एकत्र जमून नियमांचे पठण करावयाचे आणि ज्याच्या हातून नियमभंग झाला असेल त्याने तो सांगावयाचा, असा प्रघात आहे. नियम मोडणारे नसते तर अशा प्रघाताचे कारणच पडले नसते.

वारीकडे याच दृष्टीने पाहावे. संत तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पालखीची प्रथा सुरू केली, आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्तबद्ध घडी दिली, असे परंपरा सांगते. मुक्काम ठरलेले, दिंड्यांचे क्रम ठरलेले, भजनाचे क्रमही ठरलेले. २०२० साली साथीच्या रोगामुळे पायी वारी होऊ शकली नाही, पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ सालीही तसेच करावे लागले. दोन वर्षे लाखो पायांना वाट मिळाली नाही. पण पादुका निघाल्या आणि ठरल्या तिथीला पोहोचल्या. नेम लहान झाला, तुटला मात्र नाही. आणि २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा ती नव्याने शिकावी लागली नाही. शाळेनेही संकटकाळचा लहान नेम आधीच ठरवून ठेवावा. एरवी रोज एक पान; शिक्षक एकटाच असेल आणि चारही वर्ग सांभाळावयाचे असतील त्या दिवशी एक परिच्छेद. पण पुस्तक उघडावयाचे ते उघडावयाचेच.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर जून महिन्यात मुले परत येतात तेव्हा मागील वर्षीचे पुष्कळसे ओसरलेले असते. अशा वेळी 'सगळे विसरलात' असा शेरा ऐकून मुलांना परत येण्याची लाज वाटते, आणि ज्याला लाज वाटते तो टाळू लागतो. महिन्यातील एक दिवस, शनिवारची सकाळ म्हणा, शाळेने 'कोणता नेम सुटला' हे निर्भयपणे सांगण्यासाठी राखून ठेवावा. त्यात शिक्षकाने आपले सुटलेले नेमही सांगावेत. तिसरीतील मुलाला आपले गुरुजीही चुकतात आणि पुन्हा सुरू करतात हे कळणे, हा एक मोलाचा पाठ आहे.

येथेच तिसऱ्या अटीचा, आदराचा, विषय येतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत शिक्षण पुरे करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात. सत्य, धर्म, स्वाध्याय यांचा आग्रह तर त्यात आहेच. पण त्याबरोबर ते शिष्याला असेही बजावतात की आमची जी आचरणे चांगली असतील तेवढ्यांचेच अनुकरण करावे, इतरांचे नको. एवढा प्रांजळपणा दाखवण्यास मोठा आत्मविश्वास लागतो. आचार्यांना पक्के ठाऊक होते की शिष्य उपदेश ऐकत नाहीत, ते पाहतात. गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) काम सर्वांना परिचित आहे. ते गावात येत ते खराटा हाती घेऊनच. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी बोलून मग झाडू हाती घेतला असता तर तो कार्यक्रमाचा एक भाग झाला असता. मुलांच्या रांगेत उभे राहून, त्यांच्याच नळावर, त्यांच्याच साबणाने हात धुणारा शिक्षक गाडगेबाबांच्या वाटेने चाललेला असतो.

मुलांशी बोलावे कसे, याचा एक सुंदर नमुना पाली वाङ्मयात आहे. भगवान बुद्धांनी आपला लहानगा मुलगा राहुल याला केलेला उपदेश मज्झिमनिकायात संग्रहित आहे. हा राहुल तेव्हा सात वर्षांचा होता असे परंपरा मानते. म्हणजे दुसरीतील मूल. खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकाच्या एका शिलालेखातही आला आहे. बुद्ध त्याला प्रवचन देत नाहीत. पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवतात, ते ओतून देतात, भांडे पालथे करतात, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे साधुत्व याच भांड्याप्रमाणे उणे आणि रिते होते हे समजावतात. मग विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. त्याचप्रमाणे कोणतीही कृती करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर, अशी तीनदा तिच्याकडे पाहावे. तिने स्वतःला वा दुसऱ्याला पीडा होते काय हे विचारावे. झाली असेल तर जाणत्या माणसाला ते सांगून पुढे जपावे, आणि चांगली झाली असेल तर आनंदात राहावे. या उपदेशात मुलाला भीती घातलेली नाही, आणि शेवटी आनंदाचीही जागा ठेवलेली आहे. छडीने लावलेली सवय छडी दिसते तोवरच टिकते, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक होतेच. २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेस बंदी करून ती वाटही बंद केली.

आता टाकावयाचे काय तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वेदपाठाच्या परंपरेने पाठांतराची जी पद्धत उभी केली ती जगात अपूर्व आहे. शब्द सुटे म्हणणारा पदपाठ; पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशी साखळी जोडणारा क्रमपाठ; उलटसुलट फिरणारे जटा आणि घन. यांमुळे हजारो वर्षे लेखनाच्या आधारावाचून शब्द न् शब्द राखला गेला, आणि २००३ साली युनेस्कोने या परंपरेचा गौरव केला. पण हीच शिस्त बहुसंख्य समाजाला आणि स्त्रियांना शतकानुशतके नाकारण्यात आली, हेही तितकेच खरे आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्या बंद दारावरच घाव घातला. त्याच शाळेच्या वारसांनी प्राचीनांकडून नेमाची रीत घ्यावी, अधिकारभेद घेऊ नये. मुलाला नेम सांगताना त्याचे कारण सांगावे, आणि विचारू द्यावे. कारण न कळता पाळलेला नेम कर्मकांड होतो. अशाने हात तर ओले होतात, पण साबण लागत नाही.

शाळेने हे सारे सुरू करावे केव्हा? यालाही या भूमीत एक तयार उत्तर आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे सुमारे ११८ दिवस, घरोघर चातुर्मासाचे नेम धरले जातात. कोणी कांदा-लसूण सोडते, कोणी रोज एक अध्याय वाचते, कोणी एकवेळ जेवते. जैन साधू या काळात एका गावी मुक्काम करतात. बौद्ध परंपरेत आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, आणि महाराष्ट्रातील कित्येक विहारांतून त्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते. रात्री सर्वांनी मिळून रोज काही पाने ऐकावयाची, ही वाचनसंस्कृती शिकण्यास शिक्षकाला दूर कोठे जाण्याचे कारण नाही. शाळा जूनमध्ये उघडते आणि लवकरच हा काळ सुरू होतो. शाळेत कोणत्याही धर्माचे व्रत नको. मुले सर्व घरांतून येतात. पण चातुर्मासाच्या नेमाची रचना घेण्यास हरकत नाही. नेम एकच असतो, तो लहान असतो, तो धरणारा स्वतः निवडतो, घरातील सर्वांना तो ठाऊक असतो, आणि त्याला आरंभाप्रमाणे शेवटही असतो. उद्यापन झाल्यावर तो सोडावयाची मुभा असते. आणि अनुभव असा की एवढे दिवस पाळलेला नेम पुष्कळांना सोडवत नाही.

तेव्हा जुलैच्या आरंभी प्रत्येक वर्गाने आपापल्या चर्चेतून एकच नेम निवडावा. पाच नेम एकदम घेणारा वर्ग दिवाळीपर्यंत एकही राखीत नाही. पालकसभेत तो नेम पालकांना सांगावा. पाळतीसाठी नव्हे, घरच्या साथीसाठी. भिंतीवर टिकमार्कांचा मोठा तक्ता करण्याचा मोह मात्र आवरावा, कारण काही दिवसांनी मुले हातांऐवजी तक्ता सांभाळू लागतात आणि शिक्षकही तेच करू लागतात.

शेवटची अडचण सर्वांत खरी आहे. शिक्षकाची बदली होते. चांगला नेम चालवणारे गुरुजी किंवा बाई दुसऱ्या शाळेत गेल्या की मागे वर्षभरात सर्व विस्कटते, अशी खंत गावोगावी ऐकू येते. खेड्यातील अखंड हरिनाम सप्ताहात या अडचणीचे उत्तर आहे. सप्ताह सुरू झाला की सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नसते. ती कोणा एका भक्ताच्या श्रद्धेवर उभी नसते. सप्ताहापूर्वीच पहाऱ्याची यादी होते. कोणत्या वेळेला कोण, हे नावांनिशी ठरते. रात्री दोन वाजता येणारा पहारेकरी फार उत्साही असतो असे नव्हे. डोळे चोळीतच तो येतो. पण आधीचा पहारेकरी वीणा गळ्यात घेऊन त्याची वाट पाहत उभा असतो, आणि नवा आल्यावर त्याच्या गळ्यात ती घालूनच घरी जातो. मध्ये क्षणभरही वीणा जमिनीला टेकत नाही.

बदलीच्या वेळी शिक्षक कार्यभार सोपवतात तेव्हा किल्ल्या, हजेरीपत्रके, कीर्द, जडवस्तू नोंदवही, पोषण आहाराच्या धान्याचा हिशेब या साऱ्यांची यादी होते आणि दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. त्या यादीत आणखी एक ओळ वाढवता येईल : शाळेत चालू असलेला नेम, तो केव्हापासून चालू आहे, कोणत्या वेळी होतो, आणि तो सांभाळणाऱ्या मुलांची नावे. कारण खरी वीणा त्यांच्याच गळ्यात हवी. चौथीची मुले मे महिन्यात शाळा सोडून पाचवीला मोठ्या गावी जातात. जाण्यापूर्वी शेवटच्या शनिवारी त्यांतील एकाने नळाची जाळीची पिशवी सोडावी, तिच्यात साबणाची नवी वडी घालावी, आणि ती तिसरीतील एखाद्या मुलाच्या हाती देऊन, गाठ कशी बांधावयाची ते त्याला दाखवावे.